चार खुले होण्याची तारीख

श्रीखंडावर पडते ती चारोळी जंगलातल्या चार नावाच्या झाडाच्या बीतून निघते. झाडाला करवंदापेक्षा जरा लहान फळं लागतात. पिकली की काळीजांभळी होतात आणि गोड लागतात. आतल्या टणक बीला आमच्याकडे सगळे गुठली म्हणतात. गुठली फोडली की चारोळीचा दाणा. भिलाईहून रायपूरकडे जाताना कुम्हारीला माझी भाड्याची एक शेड होती. तिथे गुठली फोडायची मशीन होती आणि दाणे निवडायला बायका बसत. आता तिथे कोणाचं तरी टाइल्सचं गोदाम आहे.

शेड का बंद केली हे मी पुष्कळांना तोंडी सांगितलं आहे. ऐकणारा मध्येच म्हणतो, म्हणजे चूक कंपनीची. दुसरा म्हणतो, म्हणजे गावकऱ्यांची. दोघांनाही पुढचं ऐकायचं नसतं, म्हणून एकदा लिहून टाकते. शेड गेल्याचं मला फार वाटत नाही, शेड दुसरी मिळते. एका गावाची चारावरची बंदी होती, ती मोडली, आणि ती आता कोणाच्या बापाला पुन्हा बसवता येणार नाही.

माझं माहेर गोंदियाच्या बाजूचं. चार मी लहानपणी आठवडी बाजारात पळसाच्या द्रोणातून खाल्लेले. लग्न होऊन भिलाईला आले. नवरा प्लँटमध्ये, स्टील मेल्टिंग शॉपला. हुडको कॉलनीत घर, मुलगी शाळेत जाऊ लागली, आणि दुपारी झोपायची सवय मला कधीच नव्हती. आधी चिंच फोडून विकली, मग आवळा, मग चारोळी. उद्योजिका वगैरे शब्द नंतर लोकांनी लावले. मला माल ओळखता येत होता, एवढंच भांडवल.

या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी तिचं काही करत नाही. चार कच्चा तोडला तर दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघतो. त्यात तेल धरलेलं नसतं, आणि पावसाळा संपेपर्यंत तो खवट होतो. तरीही जंगलभर चार कच्चाच तुटतो. गावोगाव फिरणारे कोचिये, म्हणजे छोटे खरेदीदार, पहिल्या मालाला चांगला भाव देतात. शिवाय जंगल सगळ्यांचं असतं. मी थांबले तर शेजारीण तोडणार. त्यातून कच्चा चार देठाला घट्ट असतो, हाताने सुटत नाही, म्हणून फांदीच मोडून खाली आणतात आणि बसून ओरबाडतात. मोडलेल्या फांदीला पुढच्या साली फूल येत नाही. दरवर्षी झाड थोडं थोडं कमी होत जातं. कुठल्याही एका वर्षी ते डोळ्यांत भरत नाही.

मानपूरच्या पलीकडे जंगलात एक गोंडांचं गाव आहे. त्या गावची गुठली पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती जड लागली. मी कोचियाला विचारलं, ही कुठली? त्याने तोंड वाकडं केलं. म्हणाला, त्या गावचे लोक आडमुठे आहेत, सगळ्यांच्या शेवटी माल देतात. मी दुसऱ्याच आठवड्यात जीप करून तिथे गेले.

गावातले लोक छत्तीसगढी बोलतात. मी त्यांच्याशी बोलते ती हिंदी, छत्तीसगढी आणि नागपुरीची खिचडी. त्यांचं बोलणं मी इथे आमच्या घरच्या बोलीत लिहिते. अर्थ त्याच बोलीत नीट उतरतो.

त्या गावात चार खुला होईपर्यंत कोणी तोडत नाही. खाली पडलेलाही उचलत नाही. गावाचा गायता, म्हणजे मातीची पूजा करणारा पुजारी, होळीनंतर मधूनमधून जंगलात फेरी मारतो. बरोबर दोन-चार म्हाताऱ्या बायका असतात. त्यांचं समाधान झालं की आदल्या संध्याकाळी कोतवार, म्हणजे गावचा राखणदार, गावातून ओरडत फिरतो, उद्या चार खुले. सकाळी देवगुडीत गावदेवाला पिकल्या चारांचा पहिला द्रोण वाहतात आणि मग सगळं गाव जंगलात जातं. फांदी मोडायची नाही. शेंड्याकडचे पाखरांना ठेवायचे. ज्याने मोडली त्याने गावाला जेवण घालायचं. मी पाहिलं त्या काळात असं जेवण एकदाच झालं. ज्याने घातलं तोच सगळ्यांत जास्त जेवला असं लोक हसत सांगत.

गायता म्हणजे कोणी ज्ञानी पुरुष होता असं कृपा करून समजू नका. चिडका, गुडघेदुखीने त्रासलेला, तंबाखू मागून खाणारा माणूस. एका वर्षी त्याने फार लांबवलं आणि वळीव पाऊस येऊन बराच चार सडला. त्या वर्षी बायकांनी त्याला तोंडावर सुनावलं. तो म्हणाला, "तुम्हीच तर माझ्यासंगं फिरून राहिल्या होत्या. तवा तुमचे डोळे काय घरी ठेवले होते?" अशी ती व्यवस्था होती. चुकायची, पण चुकली तर सगळ्यांची मिळून चुकायची.

मी माझा धंदा त्या बंदीभोवती बसवून घेतला. बंदी खुली व्हायच्या आधी मी गावात एक गुठली घेत नसे आणि आगाऊ बोलणीही करत नसे. आगाऊ बोलणी झाली की माणसाचा हात झाडाकडे जातो. मिठाईवाल्यांना सांगत असे, माल खुला झाल्यावर येईल, तारीख मला माहीत नाही. काहीजण सोडून गेले. राहिले त्यांना दाण्याची चव लागली होती. वाट पाहण्याच्या आठवड्यांत शेडमधल्या बायका चिंच फोडत. कोणाला घरी बसावं लागलं नाही.

नवरा जेवताना चिडवायचा.

"काय म्हणते तुमचा जनरल मॅनेजर? दिली का तारीख?"

"नाही."

"आमच्यात असं केलं तर चार्जशीट मिळते."

"तुमच्यात भट्टीतली हीट तयार झाली का नाही ते काय कॅलेंडर पाहून ठरवता?"

"नाही बापा. नमुना काढतो, लॅबमध्ये पाठवतो, रिपोर्ट आला का मग टॅप करतो, पोलाद ओततो."

"मग माझा गायता नमुनाच पाहून राहिला."

"हो, पण आमची लॅब तंबाखू नाही मागत."

मुलगी हसायची आणि हिंदीत म्हणायची, आप दोनों का यही चलता रहता है. ती वर्षं बरी गेली.

मग भिलाईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा एक कार्यक्रम झाला. आदिवासींची जमिनीची राखण आणि त्यातून टिकाऊ उद्योगासाठी धडे, असा काहीसा विषय होता. मला बोलावलं, आणि जमलं तर गायत्यालाही आणा म्हणाले. मी आणला. तो नवा पांढरा शर्ट घालून आला आणि एसीत कुडकुडत बसला. मी बोलले ते सरळ बोलले. माल तयार होईपर्यंत खरेदीदाराने दारात उभं राहू नये. थांबण्याचा काळ इतर कामाने भरावा. सगळं ओरबाडून नेऊ नये, पाखरांचं म्हणून जे ठेवतात त्यातूनच पुढचं झाड येतं. लोकांनी लिहून घेतलं. मग एका प्राध्यापकांनी गायत्याला विचारलं, खुलं करण्याचे तुमचे निकष कोणते? मी भाषांतर केलं.

गायता म्हणाला, "चार काळा झाला का पायतो. पाखरं खाऊन राहिली का पायतो. अन् गावातल्या बाया किती कटकट करून राहिल्या तेबी पायतो."

हॉल हसला. गायत्याला आपण विनोद केला असं वाटलं नव्हतं. त्याने मला हळूच विचारलं, जेवण यांच्याकडेच आहे का.

जेवताना एका कंपनीच्या खरेदी विभागातल्या मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. तिशीच्या आतबाहेर, साध्या, हुशार. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट बोलायचं नाही. त्यांना मनापासून त्या गावाची रीत आवडली होती. त्या म्हणाल्या, आम्हाला असाच माल पाहिजे, ज्यामागे असं काही आहे. भावही त्या माझ्यापेक्षा चांगला देणार होत्या, थेट गावच्या वनसमितीला. मी म्हटलं, द्या. गावाला जास्त मिळत असेल तर मी मध्ये पडणारी कोण? मला शेडपुरता माल राहिला तरी पुष्कळ होता.

त्यांची एकच अडचण होती. ट्रक, मजूर, साठवण, सगळं आधी ठरवावं लागतं. शिवाय खुलं होण्याच्या दिवशी पाहुणे आणायचे, फोटो काढायचे. म्हणून तारीख पाहिजे.

गावात बैठक झाली ती देवगुडीपुढच्या मोकळ्या जागेत. मला बोलावलं होतं. समितीचा अध्यक्ष तिथलाच, भिलाईला आयटीआय करून परत गेलेला, कामाला वाघ माणूस. त्याने सुरुवात केली.

"दीदी, तुम्हीच सांगा. तारीख नाही म्हणून काय होऊन राहिलं? आम्ही गायत्याच्या तोंडाकडे पाहत बसतो, अन् शिवेपलीकडचे मोटरसायकलवर येऊन पहाटेच तोडून नेतात. मागच्या साली डोंगराकडचे चार गेले का नाही?"

"गेले," मी म्हटलं. गेलेच होते.

"कंपनीचा बोर्ड लागला, तारीख लागली, का बाहेरचा माणूस हात लावाले भिईन. आपल्या लोकायलेबी समजन किती दिवस थांबायचं आहे. थांबणं सोपं होते."

"अन् तारखेला चार कच्चे असले तर?"

"दरसाल बैसाखातच खुले होते. मधातली एक तारीख धरू. आठ-पंधरा दिवसाचा तर फरक."

"त्या आठ-पंधरा दिवसांतच दाणा भरतो रे बाबा."

मागे बसलेली एक बाई बोलली. कमरेवर मूल होतं तिच्या. "दीदीले उशीर चालते. त्यायच्या घरी पहिल्या तारखेले प्लँटचा पगार येते. त्यायची तारीख कधी चुकली का?"

सगळे हसले. मीही हसले. माझ्या घरातलं सगळं तारखेवर चालत होतं आणि मी यांना सांगत होते, झाडाकडे बघा.

मी गायत्याकडे पाहिलं. मला वाटलं हा नाही म्हणेल. त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "मले आता डोंगर चढवत नाही. ज्या बाया संगं येत होत्या त्यातली एक मेली, एकीले दिसत नाही. माझा पोरगा रायपूरले गार्ड आहे, तो काही येत नाही वापस. मी गेल्यावर कोण पाहीन? तारीख असली तर निदान काहीतरी राहीन."

तो बंदी सोडायला निघाला नव्हता. त्याला ती आपल्यानंतरही चालावी असं वाटत होतं, आणि त्याला दिसलेला तोच एक रस्ता होता. मी एवढंच म्हटलं, करारात लिहा की चार पिकलेले असतील तरच. अध्यक्षाने मान डोलावली. मॅडमनीही फोनवर हो म्हटलं. करार आला त्यात फक्त तारीख होती. अध्यक्ष म्हणाला, बाकीचं तोंडी आहे ना दीदी, मॅडम चांगल्या आहेत.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"तारीख झाली."

"चला, जीएम सुधारला," तो म्हणाला. मी ताट वाढत होते. माझं तोंड पाहून त्याने ताट ओढून घेतलं. नंतर एवढंच म्हणाला, "नमुना न पाहता टॅप करायचं म्हणजे जरा कठीणच आहे."

त्या वर्षी होळीनंतर पाऊस झाला, गारा पडल्या. मोहाची फुलं उशिरा गळली, सगळंच मागे गेलं. आम्हाला भिलाईत कूलर उशिरा लावावा लागला तेव्हा मला बरं वाटायच्या ऐवजी चारांची काळजी लागली. अध्यक्षाला फोन केला. तो म्हणाला, हो दीदी, हिरवे आहेत, पण अजून दिवस आहेत. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, दोन दिवस इकडेतिकडे करता येईल, त्याहून जास्त माझ्या हातात नाही. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांनी वर विचारून पाहिलेलं आहे.

तारखेला मी सकाळी लवकर पोहोचले. देवगुडीपुढे मांडव, त्यात खुर्च्या, रस्त्यावर ट्रक. कोतवाराने आदल्या संध्याकाळी हाक दिली होती, कारण तारखेच्या आदल्या संध्याकाळी हाक द्यायची असं ठरलं होतं. लोक टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला उभे होते. गायता काठी टेकत एकटाच आत जाऊन आला. मूठ उघडून अध्यक्षाला दाखवली. हिरवे, कडक, वाटाण्यासारखे.

"नाही," तो म्हणाला. "अजून पंधरा दिवस."

अध्यक्षाचा चेहरा पडला. त्याने फोन कानाला लावला आणि मांडवाच्या मागे गेला. गायता लोकांसमोर जाऊन म्हणाला, थांबा. आणि हे मला सांगायलाच पाहिजे, ते थांबले. ट्रक उभा, पाहुणे चहा पिताहेत, कोतवाराची हाक होऊन गेलेली, तरीही सगळं गाव एका म्हाताऱ्याच्या शब्दावर उन्हात उभं राहिलं. कोणी टोपली खाली ठेवली, कोणी बिडी पेटवली. मला वाटलं, निभावलं.

मग कोणीतरी म्हणालं की शिवेपलीकडचे डोंगराच्या बाजूने शिरले आहेत. कोणी पाहिलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खरं असेल, नसेलही. त्यांनाही तारीख माहीत झालेली होती, सगळ्या भागाला माहीत होती. गर्दी हलली. पुढे कोणी धावलं नाही. पहिल्या दोन-तीन बायका निघाल्या, त्यांच्याकडे पाहून त्यांच्या शेजारणी निघाल्या. गायत्याची सून त्याच्या जवळच टोपली घेऊन उभी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे पाहिलं. ती गेली.

थोड्या वेळाने फांद्या मोडल्याचे आवाज येऊ लागले. मी आत गेले. ज्या बाईने मला पगारावरून टोमणा मारला होता ती एक अख्खी फांदी मांडीवर घेऊन बसली होती.

"फांदी तरी मोडू नका," मी म्हटलं.

"कच्चा चार हातानं सुटते का दीदी? तुम्ही सोडवून दाखवा."

मी ओढून पाहिला. नाही सुटला. देठासकट सालपट आलं. तिने माझ्या हातातला चार घेतला आणि आपल्या टोपलीत टाकला. चिडून नाही. काम करत होती ती, आणि मी मध्ये आले होते.

"उद्या आले तर काय मिळणार मले?" ती म्हणाली. "जे मिळून राहिलं ते आजच आहे."

मांडवात पूजा झाली. गायत्याने देवाला हिरवे चार वाहिले, कारण दुसरे नव्हते. पाहुण्यांनी नारळ फोडला. एका साहेबांनी भाषणात सांगितलं की आधुनिक उद्योगाने या लोकांकडून संयम शिकायला हवा. भाषण चालू असताना मागून फांद्यांचा आवाज येत होता. तो कशाचा आहे हे मांडवात फक्त गायत्याला आणि मला कळत होतं, आणि आम्ही दोघंही उठलो नाही.

तो माल कंपनीने सगळा उचलला, शब्द पाळला. पुढे त्यातलाच काही भाग फोडायला माझ्याच कुम्हारीच्या शेडमध्ये आला, कारण या बाजूला मशीन माझी होती. खुर्सीपारहून बसने येणारी एक बाई माझ्याकडे सगळ्यांत जुनी होती. तिने पहिल्या घाण्याचे दाणे सुपात घेतले, फुंकर मारली. निम्मे उडाले.

"बाई, हे त्याच गावचं?"

"त्याच."

तिने पुन्हा फुंकर मारली नाही. सूप माझ्यासमोर ठेवून चिंचेच्या ढिगाकडे गेली आणि तिथे बसली.

मॅडमचा काही दिवसांनी फोन आला. दाण्याबद्दल तक्रारी होत्या, माझं मत पाहिजे होतं. मी सांगितलं ते त्यांना माहीतच होतं. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी तारीख थोडी पुढे ढकलू या. मी म्हटलं, किती? पुढच्या वर्षी ऊन लवकर पडलं तर पुढे ढकललेली तीच तारीख उशिराची ठरणार होती. मग सडणार. हे त्यांनाही कळलं. नंतर त्यांनी ती नोकरी सोडली असं ऐकलं, कशामुळे ते माहीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी मुद्दाम जाऊन झाडं पाहिली. चाराला पांढरा बारीक मोहर येतो, फांद्यांच्या टोकांना. टोकंच नव्हती. खालून नवे धुमारे फुटले होते, त्यांना मोहर यायला काही वर्षं जावी लागतात. तोपर्यंत कोणी हात लावला नाही तर. मी एका झाडाखाली उभी राहून विचार केला, काय केलं म्हणजे हे परत होईल? मी व्यवहारी बाई आहे, मला उपाय सुचतात. कंपनीला सांगावं, करार मोडावा, गावाने दोन वर्षं तोड बंद ठेवावी, तेवढ्या काळाची भरपाई मी कुठून तरी उभी करावी. एकेक करून सगळं तपासलं. बंदी काय झाडांवर नव्हती. शेजारीणही थांबली आहे, या भरवशावर ती उभी होती. ज्या दिवशी सगळे निघाले त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना निघताना पाहिलं. तो भरवसा कुठल्या करारात लिहून परत आणणार?

वैशाखात अध्यक्षाचा फोन आला. तारीख ठरली होती, पुढे ढकललेली. चार फारसे नव्हतेच. जे होते ते डोंगराकडचे, आणि तेही लोकांनी आधीच हिरवे काढले होते, तारखेची वाट न पाहता. कोणाला जेवण घालायला लावलं नाही, कारण सगळ्यांनाच घालावं लागलं असतं. पण कार्यक्रम होता. कंपनीने दुसऱ्या गावांचा माल घ्यायला सुरुवात केली होती, तरी पूजा याच गावात करायची असं ठरलं होतं. पाहुणे येणार होते.

"गायता म्हणते, हिरवे पुन्हा नाही वाहणार," अध्यक्ष म्हणाला. "दीदी, तुमच्याकडे पिकलेले भेटतील का?"

"माझ्याकडे सुकी गुठली असते रे. फळ कुठून आणू?"

"माहीत आहे. पण कोणाले विचारू?" मग म्हणाला, "मी तारीख चांगल्यासाठीच म्हटली होती दीदी."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

रविवारी भिलाईत सुपेल्याच्या बाजारात एक म्हातारी द्रोण मांडून बसली होती. चार काळे, पिकलेले, उन्हाने सुकत आलेले. कुठल्या जंगलातले ते तिला सांगता आलं नाही. तिनेही कोणाकडून तरी घेतलेले होते. मी चांगले निवडून एक द्रोण घेतला, वर ओला फडका टाकला आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मांडीवर धरून नेला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, एवढ्यासाठी एवढ्या लांब?

मांडवात खुर्च्या लावलेल्या होत्या. गायता देवगुडीच्या पायरीवर बसला होता. मी द्रोण त्याच्यापुढे ठेवला. त्याने फडका बाजूला करून एक चार उचलला, बोटांनी दाबून पाहिला.

"कुठचे?"

"सुपेल्याच्या बाजारातले."

"पिकलेले आहेत," तो म्हणाला.

त्याने ते वाहिले. बाहेर जंगलाच्या कडेला टोपल्या घेऊन कोणी उभं नव्हतं. पूजा झाल्यावर पाहुण्यांना प्रसाद म्हणून दोन-दोन चार वाटले. ते गोड होते, सगळ्यांना आवडले. मी माझे दोन खाल्ले, बिया पदरात बांधल्या आणि परतीला लागले. कुम्हारीला पोहोचल्यावर शेडच्या मालकाला सांगितलं की कच्च्या गुठलीवर मला धंदा करायचा नाही, मी पावसाळ्याच्या आधी जागा सोडते.